सोमल, स्त्री आणि कायदा

विषप्रयोगाचा इतिहास लिहिणारांची दृष्टि बहुधा राजवाड्याकडे किंवा न्यायमंदिराकडे वळलेली असते. कोणत्या राजास कोणीं विष घातलें, कोणत्या खटल्यांत कोण फांशीं गेलें, या कथा रंजक असल्यामुळें चटकन् लिहिल्या जातात व चवीनें वाचल्या जातात. परंतु ज्या विषाच्या मागें कोणाचाहि द्वेष नव्हता, जें लोकांनीं उजळ माथ्यानें बाजारांतून विकत आणलें, भिंतींना चिकटविलें, अंगावर ल्यालें व लेंकरांच्या हातीं खेळणें म्हणून दिलें, त्याचा इतिहास सरकारी अहवालांत व वैद्यकीय मासिकांत धूळ खात पडतो. एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडांत सोमलाच्या वांट्यास हे दोन्ही इतिहास आले, आणि तेहि जवळजवळ एकाच दशकांत. ते शेजारीं शेजारीं मांडून पाहिले असतां एक विलक्षण विसंगति दिसून येते. कायद्याला स्त्रीच्या हातांतील विष फार लवकर दिसलें. स्त्रीच्या शरीरांत शिरणारें विष दिसावयास मात्र त्याला फार वर्षें लागलीं. या विसंगतीचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सोमल म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेंत आर्सेनिकचा पांढरा ऑक्साइड. तो दिसण्यांत पिठासारखा. त्याला वास नाहीं, चव जवळजवळ नाहीं. कॉर्नवॉल व डेव्हन या परगण्यांत तांब्याची व कथलाची खनिज माती भाजतांना तो धुराबरोबर बाहेर पडे व धुराड्यांच्या भिंतींवर जमे. त्यामुळें तो अत्यंत स्वस्त होता, आणि उंदीर मारण्याच्या निमित्तानें कोणासहि दुकानांत मिळत असे. त्याच्या बाधेनें वांत्या व जुलाब होतात. तेव्हां पटकीच्या दिवसांत असा मृत्यु कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. १८३६ सालीं जेम्स मार्श या रसायनज्ञानें प्रेतांतील अत्यल्प सोमलहि उघडकीस आणणारी कसोटी प्रसिद्ध केली आणि हा पडदा दूर झाला. पुढील पंधरा वर्षांत इंग्लंडांत विषप्रयोगाचे अनेक खटले गाजले. एसेक्स परगण्यांतील कांहीं खटल्यांत आरोपी गरीब खेडवळ स्त्रिया होत्या. त्यांपैकीं सेरा चेशम हिला १८५१ च्या मार्चमध्यें फांशी देण्यांत आली. वर्तमानपत्रांतून अशी कांहीं हवा उठली कीं, जणूं प्रत्येक खेड्यांत चुलीजवळ एक विषकन्याच दबा धरून बसली आहे.

त्याच वर्षीं सोमलाच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा पार्लमेंटपुढें आला. त्यांत मागाहून एक कलम घालण्यांत आलें, तें असें कीं, सोमल फक्त प्रौढ पुरुषांसच विकावा. स्त्रियांस तो मिळूं नये. जॉन स्टुअर्ट मिल यानें गृहमंत्री सर जॉर्ज ग्रे यांस पत्र लिहून या कलमाचा निषेध केला. अलीकडच्या दोनतीन खुन्यांचे केंस तांबडे असते तर सर्व तांबड्या केंसांच्या माणसांना शस्त्र बाळगण्याची बंदी केली असती काय, असा त्याच्या युक्तिवादाचा मासला होता. तें कलम अखेर गळालें. उरलेल्या कायद्यानें असे नियम घातले कीं, दुकानदारानें विक्रीची नोंद ठेवावी, अनोळखी माणसास सोमल देऊं नये, आणि किरकोळ विक्रीचा सोमल काजळी किंवा नीळ मिसळून रंगवावा. नियम शहाणपणाचे होते यांत शंका नाहीं. परंतु उद्योगधंद्यासाठीं लागणाऱ्या घाऊक सोमलास ते जवळजवळ लागू नव्हते. चिमूटभर सोमल घेणाऱ्या गृहिणीवर पहारा बसला. टनावारी घेणाऱ्या कारखानदारावर बसला नाहीं.

हा टनावारी सोमल जात होता कोठें? त्याचा मोठा वांटा रंगांत जात होता. १७७५ सालीं शेले या स्वीडनमधील रसायनज्ञानें मोरचूद, सोमल व सोडा यांच्यापासून एक हिरवा रंग तयार केला. १८१४ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट गांवीं त्याहूनहि तेजस्वी असा दुसरा रंग निघाला. त्याचेहि मुख्य घटक तांबें व सोमल हेच. तत्पूर्वीं कापडाला हिरवा रंग द्यावयाचा म्हणजे निळ्यावर पिवळा चढवावा लागे, आणि तो लवकर विटे. हा नवा रंग गॅसच्या दिव्याखालींहि पाचूसारखा झळके. १८३६ सालीं भिंतींच्या कागदांवरील कर उठला, छपाई यंत्रांवर होऊं लागली आणि मध्यम वर्गाच्या घरोघरीं पानाफुलांच्या नक्षीचे हिरवे कागद चिकटूं लागले. काजळीनें काळवंडलेल्या शहरांत राहणाऱ्या कुटुंबांस तो कागद म्हणजे घरांत आणलेली वनश्रीच वाटे. पडदे, टोप्यांवरील फुलें, नाचाचे झगे, मुलांचीं खेळणीं, मेणबत्त्या, फार काय, मिठाईवरील शोभा, येथपर्यंत हा रंग पोंचला.

लंडनमधील कृत्रिम फुलांच्या एका कारखान्यांत माटिल्डा शोयरर नांवाची एकोणीस वर्षांची मुलगी काम करीत असे. मेण लावलेल्या पानांवर हिरवी पूड भुरभुरावयाची, हें तिचें काम. ती पूड श्वासाबरोबर छातींत जाई, बोटांना चिकटे, आणि बोटांवरून घांसाबरोबर पोटांत उतरे. २० नोव्हेंबर १८६१ रोजीं ही मुलगी मरण पावली. तिच्या वांतीचा रंग हिरवा होता, नखें हिरवीं पडलीं होतीं, डोळ्यांचा पांढरा भाग हिरवट झाला होता. आणि जें पाहावें तें आपणांस हिरवेंच दिसतें, असें तिनें डॉक्टरांस सांगितलें होतें. शवपरीक्षेंत तिच्या पोटांत, यकृतांत व फुप्फुसांत सोमल सांपडला. या धंद्याचा धोका अगदींच अज्ञात होता असें मात्र नव्हे. पॅरिसमध्यें डॉक्टर व्हेर्नुआ यांनीं १८५९ सालींच फुलें करणाऱ्या कामकऱ्यांच्या हातापायांवरील व्रणांचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. वाचणारांनीं तें वाचलें, आणि फुलें विकलीं जातच राहिलीं.

माटिल्डाच्या मृत्यूची दखल प्रथम घेतली ती स्त्रियांनीं. लंडनमध्यें त्या वेळीं सुशिक्षित स्त्रियांनीं चालविलेली एक आरोग्यसंस्था होती. तिच्या सभासदांनीं फुलांच्या कारखान्यांस भेटी दिल्या, मुलींच्या हातांवरील फोड व तोंडावर बांधलेले रुमाल पाहिले, आणि टोपीवरील पानांचा एक गुच्छ ऑगस्ट होफमान या विख्यात रसायनज्ञाकडे परीक्षेसाठीं पाठविला. होफमाननें आपला निष्कर्ष १८६२ च्या फेब्रुवारींत ‘टाइम्स’ पत्रांत प्रसिद्ध केला. एका शिरोभूषणांत वीस माणसें मरतील इतका सोमल निघाला. वीस यार्ड हिरव्या तलम कापडाच्या एका झग्यांत ९०० ग्रेन सोमल असतो, आणि एका रात्रीच्या नाचांत त्यांतून ६० ग्रेन झडून पडतो, असाहि त्याचा हिशेब होता. आपल्या जुन्या मापानें ९०० ग्रेन म्हणजे बरोबर ५ तोळे. प्रौढ माणसाचा प्राण घेण्यास चारपांच ग्रेन पुरतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

या लेखाचा समाजावर परिणाम झाला, पण तो कोणत्या दिशेनें झाला हें पाहण्यासारखें आहे. विनोदी पत्रांनीं नाचणाऱ्या सांगाड्यांचीं चित्रें काढलीं आणि हिरवा झगा घालणाऱ्या विलासिनींची यथेच्छ टर उडविली. जणूं कांहीं तो रंग त्यांनींच भट्टींत शिजविला होता! सरकारनेंहि १८६२ सालीं डॉक्टर विल्यम गाय यांजकडून चौकशी करविली. परंतु त्या रंगावर बंदी आली नाहीं. कारखान्यांत सोमलाची बाधा झालेला कामकरी आढळल्यास डॉक्टरानें सरकारास कळविलेंच पाहिजे, असा नियम इंग्लंडांत झाला तो १८९५ सालच्या कारखान्यांच्या कायद्यानें. म्हणजे माटिल्डा मेल्यानंतर चौतीस वर्षांनीं. आणि स्त्रीनें उंदरांसाठीं सोमल विकत घ्यावा कीं नाहीं, याची चर्चा मात्र तिच्या मृत्यूपूर्वीं दहा वर्षें होऊन गेली होती.

कारखान्यांतून हें विष घरांत आलें तेव्हां त्याचें रूप अधिक फसवें झालें. झोपण्याच्या खोलींत नवा हिरवा कागद लावल्यावर घरांतील कोणाचे डोळे चुरचुरत, कोणाचा घसा धरे, कोणास अन्न नकोसें होई. हवापालट केली कीं बरें वाटे, आणि घरीं परतलें कीं दुखणें उलटे. परंतु त्याच घरांतील दुसऱ्या माणसास कांहींच होत नसे, आणि त्यामुळें पुष्कळ डॉक्टर हा कागदाचा दोष मानावयास तयार नसत. कर्ता पुरुष दिवसभर कचेरींत असे. स्त्रिया, तान्हीं मुलें व आजारी माणसें यांचाच बहुतेक काळ त्या चार भिंतींच्या आंत जाई, ही साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नसे. त्यांतून स्त्रीची तक्रार म्हणजे मज्जातंतूंचा दुबळेपणा, असें निदान करून मोकळें होण्याची त्या काळच्या वैद्यकांत रीतच होती.

अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील रसायनशास्त्राचे अध्यापक रॉबर्ट केड्झी यांनीं १८७४ सालीं एक अपूर्व युक्ति योजिली. त्यांनीं विषारी कागदांचेच तुकडे बांधून एक ग्रंथ केला व त्याच्या शंभर प्रती त्या संस्थानांतील ग्रंथालयांस वांटल्या. हेतु हा कीं, आपल्या घरच्या भिंतीवरील नक्षी लोकांनीं त्यांत ओळखावी. तो ग्रंथ हाताळणेंहि धोक्याचें असल्यामुळें पुढें बहुतेक ग्रंथालयांनीं तो नष्ट केला. याउलट विल्यम मॉरिस या थोर कलावंताचें उदाहरण मनाला चटका लावणारें आहे. हस्तकलेचा उद्धार करणारा व पुढें समाजवादी झालेला हा पुरुष, ज्या डेव्हन ग्रेट कॉन्सॉल्स खाणीच्या सोमलाचा फार मोठा व्यापार चाले, तिचा कांहीं वर्षें संचालक होता, व त्याच्या कुटुंबाची संपत्ति तींतूनच आली होती. कागदांमुळें आजार होतो या डॉक्टरांच्या म्हणण्यास तो १८८५ सालींहि चेटकिणीच्या भयासारखा भ्रम समजत होता. २००३ सालीं त्याच्या एका जुन्या कागदाचें पृथक्करण झालें तेव्हां हिरव्या पानांत सोमलच निघाला. माणूस सहृदय असला तरी ज्या गोष्टीवर त्याचा चरितार्थ चालतो तिचा दोष पाहण्यास त्याची दृष्टि सहसा धजत नाहीं, हाच यांतील बोध.

१८९३ सालीं गोसिओ या इटालियन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, ओलसर भिंतीवरील बुरशी या रंगांतून लसणासारख्या वासाचा एक वायु निर्माण करते. हा वायु कोणता तें १९३० नंतरच्या दशकांत लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजर यांनीं निश्चित केलें. पुष्कळ दिवस या वायूसच सर्व दोष देण्यांत येत असे. अलीकडच्या शास्त्रज्ञांनीं मात्र तो वायु समजला जातो तितका जहाल नाहीं असें दाखवून त्या मतास हरकत घेतली आहे. धुळीविषयीं मात्र वाद नाहीं. आणि त्या रंगाचें खरें स्वरूप काय, याचा निकाल शेतकऱ्यांनीं केव्हांच लावला होता. अमेरिकेंत १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तोच श्वाइनफुर्टचा हिरवा रंग बटाट्याच्या पिकावरील कीड मारण्यासाठीं फवारूं लागले. पुढें हिंवतापाच्या डांसांच्या अळ्या मारण्यासाठीं तो आपल्या देशांतहि वापरण्यांत आला. पाळणाघराच्या भिंतीवर जो शोभा म्हणून होता तोच डबक्यांत कीटकनाशक ठरला!

इंग्लंडांत सोमलाचा भिंतीचा कागद शेवटीं नाहींसा झाला तो कायद्यानें नव्हे. गिऱ्हाइकें विचारूं लागलीं, दुकानदार ‘सोमलविरहित’ अशी जाहिरात करूं लागले, आणि माल आपोआप बदलला. यावरून कोणी म्हणेल कीं, मग कायदा हवा कशास? ग्राहक जागा झाला म्हणजे झालें. या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धें आहे. चांगला कागद निवडणें, रसायनज्ञाकडून तो तपासून घेणें, वेळीं भिंती खरवडून नव्यानें सजविणें, हें सर्व खिशांत पैसा असणारास शक्य होतें. पानांवर पूड भुरभुरणाऱ्या मुलीला असा कोणता पर्याय होता? तिच्यापुढें काम किंवा उपवास, एवढेच दोन मार्ग होते.

दुसऱ्या एका विषाची कथा हा फरक अधिक स्पष्ट करते. लंडनच्या काडेपेट्यांच्या कारखान्यांतील मुली पांढऱ्या फॉस्फरसमध्यें काम करीत. त्या फॉस्फरसनें जबड्याचें हाड कुजे आणि पुष्कळांचा त्यांत अंत होई. १८८८ सालीं ब्रायंट अँड मे यांच्या कारखान्यांतील सुमारें १४०० स्त्रियांनीं संप केला. त्यांची बाजू प्रथम ॲनी बेझंट यांनीं आपल्या पत्रांत मांडली होती; याच बाई पुढें आपल्याकडे होमरूलच्या चळवळीच्या पुढारी व १९१७ सालीं राष्ट्रसभेच्या अध्यक्षा झाल्या. संपानें त्या मुलींना जें मिळालें त्यांत जेवावयास वेगळी खोली हीहि एक गोष्ट होती. तोंवर विषारी पुडीच्या शेजारींच भाकरीचा तुकडा खावा लागे. पांढऱ्या फॉस्फरसवांचून काडी करतां येते हें ठाऊक होतें. अडचण होती ती किमतीची. लोकांनीं स्वेच्छेनें महाग काडी घ्यावी असे प्रयत्न झाले, पण स्वस्त काडी खपतच राहिली. शेवटीं १९०६ सालीं बर्न येथें राष्ट्रांराष्ट्रांत करार झाला, ब्रिटनमध्यें १९०८ सालचा बंदीचा कायदा १९१० पासून अंमलांत आला, आणि हिंदुस्थानांत १९१३ सालीं तसाच कायदा झाला. आज आपल्या स्वयंपाकघरांतील काडेपेटी या दृष्टीनें निर्धोक आहे, ती कोणा गृहिणीच्या चाणाक्षपणामुळें नव्हे; त्या मुलींच्या संपानें ज्या लढ्यास तोंड फुटलें त्याच्या शेवटीं झालेल्या कायद्यामुळें.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपणांकडे भिंतींस हिरवा कागद लावण्याची चाल नव्हती. परंतु रंगाच्या रूपानें विष देवघरांतून व शृंगारपेटींतून आलेंच आहे. ज्या शेंदराचें लेपन मारुतीस होतें तो शिशाचा तांबडा ऑक्साइड होय. कुंकूं ही वस्तु मुळांत वेगळी: हळदीला टाकणखार व लिंबाचा रस यांची पुटें देऊन तें करीत, आणि क्षाराच्या संयोगानें हळद तांबडी होते. परंतु बाजारांत तांबडी पूड ती तांबडी पूड. २०१७ सालीं अमेरिकेंतील रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं सिंदुराचे ११८ नमुने तपासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९५ नमुने न्यू जर्सींतील दुकानांतले होते व २३ मुंबई-दिल्लींतले. त्यांपैकीं शेंकडा ८० च्या सुमारास नमुन्यांत मोजण्याइतकें शिसें निघालें.

कातडींतून शिसें फारसें शिरत नाहीं हें खरें. परंतु कपाळावरची पूड बोटांवर येते, बोटांवरून अन्नांत जाते, आणि आईच्या अंगावर खेळणाऱ्या मुलाच्या तोंडांत जाते. शिशाचा एक विशेष असा कीं, तें हाडांत सांठून राहतें, आणि गरोदरपणीं हाडांतील चुन्याबरोबर पुन्हां रक्तांत उतरून वारेंतून गर्भापर्यंत पोंचतें. म्हणजे बालपणीं खाल्लेल्या शिशाचा भोगवटा पुढच्या पिढीस मिळूं शकतो. मुलांच्या बुद्धीच्या वाढीस यानें अपाय होतो, आणि निर्धोक म्हणावें असें शिशाचें कोणतेंहि प्रमाण आढळलेलें नाहीं, असें जागतिक आरोग्यसंघटनेचें मत आहे.

कायदा येथेंहि उशीरां कां होईना आला आहे. औषधांच्या १९४० च्या कायद्यांत १९६२ सालीं सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला, आणि त्यांत रंगासाठीं शिशाचे किंवा सोमलाचे क्षार वापरण्यास मनाई आहे. घराला लावण्याच्या रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षां अधिक नसावें, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. कायदा कागदावर आहे. परंतु जत्रेंत, आठवड्याच्या बाजारांत व मंदिराच्या दारांत चिठ्ठी नसलेल्या पुडींतून जें विकलें जातें त्याची तपासणी कोण करतो? येथें आपल्या सुशिक्षित कुटुंबांचें कर्तव्य सुरू होतें. शेंदूर देवाला वाहावा, अंगाला लावूं नये; तो हाताळल्यावर हात धुवावे; कुंकूं हळदीचें आहे कीं नाहीं हें विचारून घ्यावें; जुन्या दाराखिडक्यांचा रंग घरांत लेंकरें असतां कोरडा खरवडूं नये. एवढी दक्षता कोणासहि घेतां येईल.

पण एवढ्यानें आपलें समाधान होऊं देऊं नये. घरांतील प्रत्येक वस्तूची परीक्षा गृहिणीनें करावी, आणि कांहीं बाधलें तर तिच्याच हलगर्जीपणास बोल लावावा, हा न्याय १८५१ सालच्या त्या गळालेल्या कलमाच्याच जातीचा आहे. तेव्हां स्त्रीस संशयित मानलें; आतां तिला बिनपगारी पहारेकरी मानतात. दोन्ही ठिकाणीं विष करणारा व विकणारा नजरेआड राहतो. सोमलाच्या इतिहासांत पहिला इशारा नेहमीं कारखान्यांतील मुलीच्या देहानें दिला, आणि तो ऐकला गेला नाहीं म्हणूनच तें विष पुढें दिवाणखान्यांत व पाळण्याजवळ पोंचलें. म्हणून ज्या घरास आपल्या मुलाबाळांची काळजी आहे त्यानें आपली पुडी निवडून स्वस्थ बसूं नये. ती पुडी कोणाच्या हातानें भरली गेली, त्या हातांवर फोड आहेत काय, आणि ते पाहण्यासाठीं नेमलेला अधिकारी तेथें जातो काय, हेंहि त्यानें विचारलें पाहिजे.